मार्गदोर आणि मृत्यूचा हिशेब : ‘सँक्टम’ या चित्रपटाचा चिकित्सक अभ्यास

सारांश

ॲलिस्टर ग्रीअर्सन दिग्दर्शित ‘सँक्टम’ (२०११) हा जलमग्न गुहेत अडकलेल्या शोधपथकाची कथा सांगणारा थरारपट आहे. १९८८ साली ऑस्ट्रेलियात घडलेल्या आणि एकही बळी न गेलेल्या घटनेपासून स्फूर्ती घेऊन या चित्रपटाने मृत्यूंची मालिका रचली आहे. प्रस्तुत लेखात या रूपांतराचे स्वरूप, त्यामागील नैतिक युक्तिवाद व त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे. जलमग्न गुहांतील पाणबुडेगिरीचे प्रत्यक्ष शास्त्र आणि थायलंडमधील २०१८ च्या बचावकार्यावर आधारित ‘थर्टीन लाइव्ह्ज’ (२०२२) हा चित्रपट यांच्या संदर्भात ही चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : थरारपट, जलमग्न गुहा, मार्गदोर, दयामृत्यू, भयानक रस, सामूहिक विश्वास

प्रस्तावना

संकटात सापडलेल्या मोजक्या माणसांनी जगण्यासाठी केलेली धडपड हा चित्रपटसृष्टीतील एक जुना आणि लोकप्रिय विषय आहे. बर्फाच्छादित शिखर, वाळवंट, भर समुद्र अशा स्थळी घडणाऱ्या या कथांमध्ये निसर्ग हा प्रतिस्पर्धी असतो व माणसांची संख्या क्रमाक्रमाने घटत जाते. जलमग्न गुहा हे या प्रकारातील सर्वांत कठोर स्थळ म्हणता येईल. खुल्या समुद्रात अडचणीत आलेल्या पाणबुड्याच्या डोक्यावर निदान पाण्याचा पृष्ठभाग असतो. गुहेत मात्र डोक्यावर खडकाचे छत असते. वर जाणे शक्य नसल्यामुळे आलेल्या वाटेने परत फिरणे किंवा पुढे नवी वाट शोधणे एवढेच पर्याय उरतात.

‘सँक्टम’ या शब्दाचा अर्थ पवित्र अंतर्भाग, म्हणजे मराठीतील ‘गर्भगृह’ या शब्दाच्या जवळ जाणारा आहे. महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात गुहा म्हटली की बेसॉल्ट खडकात माणसाने कोरलेली लेणी उभी राहतात. अजिंठा, वेरूळ, कार्ले येथील गुहा मानवी श्रमाने व श्रद्धेने घडलेल्या आहेत. चित्रपटातील गुहा याहून वेगळी आहे. चुनखडीचा खडक पाण्यात विरघळून तयार होणाऱ्या, माणसाच्या अस्तित्वाची दखलही न घेणाऱ्या भूमिगत पोकळ्यांचे हे जग आहे. अशा जागेला ‘गर्भगृह’ म्हणताना चित्रपट काय सुचवू पाहतो आणि तेथे चढवलेल्या बळींचा अर्थ काय लावतो, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

मूळ घटना आणि तिचे रूपांतर

ऑस्ट्रेलियातील नलार्बोर हा चुनखडीचा विस्तीर्ण, वृक्षविरळ पठारी प्रदेश आहे. त्याच्या पोटात लांबच लांब जलमग्न भुयारे आहेत. १९८८ साली अँड्र्यू वाइट यांच्या नेतृत्वाखालील एक मोहीम तेथील पॅनिकिन प्लेन्स या गुहेत उतरली होती. अनपेक्षित वादळी पावसाने गुहेचे मुख कोसळले आणि पथकातील अनेक जण आत अडकले. परंतु नवी वाट शोधून सर्व जण सुखरूप बाहेर आले. पुढे वाइट चित्रपटनिर्मितीच्या क्षेत्रात जेम्स कॅमेरॉन यांचे सहकारी झाले. याच अनुभवावरून त्यांनी जॉन गार्विन यांच्यासमवेत ‘सँक्टम’ची पटकथा लिहिली. कॅमेरॉन कार्यकारी निर्माते होते. वाइट यांचे फेब्रुवारी २०१२ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात निधन झाले.

चित्रपटात ही घटना पापुआ न्यू गिनीतील एसा-आला नावाच्या गुहेत घडते. फ्रँक मॅग्वायर (रिचर्ड रॉक्सबर्ग) हा कसलेला गुहासंशोधक मोहिमेचा प्रमुख आहे. त्याचा सतरा वर्षांचा मुलगा जोश (रीस वेकफील्ड) वडिलांवर नाराज आहे. मोहिमेला पैसा पुरवणारा कार्ल (योआन ग्रिफिथ) आपली मैत्रीण व्हिक्टोरिया (ॲलिस पार्किन्सन) हिला घेऊन येतो. चक्रीवादळ अपेक्षेपेक्षा लवकर धडकते, पुराचे पाणी गुहेत शिरते व परतीची वाट बंद होते. समुद्राकडे जाणारा अज्ञात मार्ग शोधणे एवढाच उपाय उरतो. त्या प्रवासात आत अडकलेल्या गटातील एकेक जण मरतो आणि अखेरीस एकटा जोश समुद्रावर पोहोचतो.

सत्य घटनेला कल्पिताची जोड देण्याचा कलावंताचा अधिकार निर्विवाद आहे. सर्व जण वाचले होते, म्हणून चित्रपटातही सर्वांनी वाचावे, अशी अपेक्षा करणे योग्य होणार नाही. मात्र सर्व जण वाचल्याची कथा आणि एक सोडून सर्व मेल्याची कथा यांत केवळ संख्येचा फरक नसतो. पहिल्या कथेत ‘हे कसे शक्य झाले?’ हा प्रश्न अपरिहार्यपणे पुढे येतो. दुसऱ्या कथेत तो प्रश्न ‘कोण टिकले?’ असा बदलतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहकार्य, पूर्वतयारी व ज्ञान यांत शोधावे लागते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर व्यक्तीच्या कणखरपणात शोधण्याकडे कल होतो. ‘सँक्टम’ने दुसरा प्रश्न निवडला आहे.

पाणबुडेगिरीचे शास्त्र आणि त्यातील नीती

या निवडीचे परिणाम समजून घेण्यासाठी जलमग्न गुहांतील पाणबुडेगिरीचे शास्त्र थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पाण्यात दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाचा दाब वाढतो. तीस मीटर खोलीवर पृष्ठभागाच्या चौपट दाब असतो. त्यामुळे साध्या सिलिंडरमधून घेतलेल्या प्रत्येक श्वासाला चौपट हवा खर्च होते. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन पाणबुडा घाईने वर आल्यास बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो व सांधे, मज्जारज्जू यांना इजा करतो. ही व्याधी ‘बेंड्स’ या नावाने ओळखली जाते. गुहेच्या तळाशी साचलेला गाळ एखाद्या पायाच्या फटक्याने उसळला की दिवा असूनही काही दिसत नाही. अशा वेळी प्रवेशद्वारापासून अखंड ताणलेली दोरी, म्हणजे मार्गदोर, हाताने चाचपत परत येणे हाच उपाय असतो.

या क्षेत्रातील नियम अपघातांच्या अभ्यासातून तयार झाले आहेत. अमेरिकेतील शेक एक्सली हे पेशाने गणिताचे शिक्षक व या क्षेत्रातील अग्रणी पाणबुडे होते. फ्लोरिडातील गुहांमध्ये झालेल्या मृत्यूंची चिकित्सा करून त्यांनी १९७९ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. अखंड मार्गदोर नसणे, परतीसाठी पुरेशी हवा राखून न ठेवणे व झेपणार नाही इतक्या खोलीवर जाणे ही मृत्यूची प्रमुख कारणे त्यांनी दाखवून दिली. पुढे प्रशिक्षण व दिव्यांची संख्या यांविषयीच्या नियमांची त्यात भर पडली. खुद्द एक्सली १९९४ मध्ये मेक्सिकोतील सकातोन या अतिखोल कुंडात मरण पावले. तज्ज्ञालाही निसर्ग सवलत देत नाही, हे यावरून स्पष्ट होते. तथापि त्यांनी घालून दिलेली पद्धत टिकून राहिली. प्रत्येक मृत्यूला ‘काय चुकले?’ असे विचारावयाचे आणि मिळालेले उत्तर पुढच्यांसाठी नियम म्हणून नोंदवावयाचे, अशी ती पद्धत होय.

हवेच्या तीन वाट्यांचा नियम या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. एकूण हवेपैकी एक तृतीयांश आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परत येण्यासाठी आणि एक तृतीयांश राखीव ठेवावी, असा हा नियम आहे. गुहेच्या सर्वांत आतल्या टोकाला सोबत्याची सर्व हवा संपली तरी दोघांना मिळून बाहेर येता यावे, हा या राखीव वाट्याचा एक मुख्य हेतू आहे. म्हणजे पाणबुडा स्वतःच्या पाठीवर दुसऱ्याचा श्वास वाहून नेत असतो. परोपकाराची भावना येथे ऐन संकटात उमाळ्याने येण्याची वाट पाहावी लागत नाही. पाण्यात उतरण्यापूर्वीच ती अंकगणिताच्या रूपाने निश्चित केलेली असते.

दृश्यभाषा

तांत्रिक बाजूने ‘सँक्टम’ दुर्लक्षणीय नाही. ‘अवतार’ (२००९) साठी वापरलेल्या त्रिमितीय कॅमेरा-यंत्रणेनेच या चित्रपटाचे चित्रीकरण झाले. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात कृत्रिम गुहा व पाण्याच्या टाक्या उभारण्यात आल्या. त्रिमितीचा स्वाभाविक ओढा विस्ताराकडे असतो. गुहेच्या कथेची गरज मात्र संकोचाची आहे. हा विरोध चित्रपटाने काही ठिकाणी चांगला हाताळला आहे. प्रचंड दालनातून अरुंद फटीत शिरताना प्रेक्षकाला अंतराचे भान येते व लगेच ते हिरावले जाते. साधने, दोर, उच्छ्वासातील वायू शुद्ध करून पुन्हा वापरणारे ‘रिब्रीदर’ हे यंत्र यांचे चित्रण जाणकारीने झाले आहे. रॉक्सबर्ग यांचा फ्रँक रुक्ष व अहंकारी असूनही विश्वसनीय वाटतो. पाणी आणि खडक यांच्याबाबत हा चित्रपट सहसा घाई करत नाही. तो घाई करतो ती माणसांच्या बाबतीत.

तीन मृत्यू : दयेचा युक्तिवाद

चित्रपटाचा नैतिक गाभा तीन मृत्यूंमध्ये आहे. पहिला मृत्यू ज्यूड्स या सहकारी स्त्रीचा. एका अरुंद मार्गात तिच्या श्वसनयंत्राची नळी फाटते. फ्रँक स्वतःचा मुखवटा तिच्याशी वाटून घेतो. पण भयभीत झालेली ज्यूड्स तो परत करू शकत नाही. दोघेही मरतील हे ओळखून फ्रँक मुखवटा हिसकावतो आणि ती त्याच्यासमोर बुडते. तळावर जोश हे सर्व पडद्यावर पाहतो व वडिलांना दोषी धरतो. दुसरा मृत्यू लुको या स्थानिक सहकाऱ्याचा. पुरात वाहून गेलेला व जबर जखमी झालेला लुको सापडतो, तेव्हा फ्रँक त्याला पाण्यात धरून त्याच्या यातना संपवतो. तिसरा मृत्यू खुद्द फ्रँकचा. कार्लशी झालेल्या झटापटीत प्राणघातक जखम झाल्यावर तो मुलाला तेच करण्याची विनंती करतो. जोश वडिलांना पाण्याखाली धरतो.

ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. ज्या कृत्याबद्दल मुलाने बापाला धिक्कारले, तेच कृत्य अखेरीस मुलाला प्रेमाने करावे लागते. त्यातून दोघांमधील दुरावा संपतो. काही प्रसंगी कोणताच पर्याय निर्दोष नसतो, हे कटू सत्य मांडण्याचे धैर्य येथे आहे, हे मान्य करावे लागेल. बेंड्सने ग्रासलेला जॉर्ज (डॅन वायली) इतरांवर भार होऊ नये म्हणून एका कोपऱ्यात लपून मागे राहतो, तो प्रसंगही याच सूत्रात बसतो आणि संयमित चित्रणामुळे परिणामकारक होतो.

परंतु या युक्तिवादाची बांधणी तपासली असता एक गंभीर उणीव दिसते. फ्रँकचा कठोर निर्णय चुकल्याचे कथानक कोठेही दाखवत नाही. त्याचा सल्ला न मानणारा प्रत्येक जण मरतो. परिस्थितीच अशी रचली जाते की कठोरपणा म्हणजे शहाणपण आणि संकोच म्हणजे मृत्यू, हे समीकरण सिद्ध व्हावे. ज्यूड्सच्या प्रसंगात खरा प्रश्न मुखवटा हिसकावण्याच्या क्षणाच्या आधीचा आहे. दोन जीव एका मुखवट्यावर अवलंबून राहतील, अशी वेळ का आली? ज्या शास्त्रात दुसऱ्यासाठी राखीव हवा हा पायाभूत नियम आहे, तेथे मोहिमेच्या प्रमुखाला विचारावयाचा पहिला प्रश्न हाच असतो. चित्रपटात वादाचा रोख फ्रँकच्या काळजावर राहतो व नियोजनाचा प्रश्न मागे पडतो. एक्सली यांच्या पद्धतीत मृत्यू हा पुढच्यांसाठी धडा होतो. ‘सँक्टम’मध्ये तो निसर्गाच्या क्रौर्याचा आणखी एक पुरावा होऊन राहतो.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर चित्रपटाने भयानक रसाची सामग्री भरपूर जमवली आहे. करुण रसाचा स्थायीभाव जो शोक, त्याला मात्र अवकाश दिलेला नाही. मृत व्यक्ती मागे टाकली जाते व कथा पुढील अडथळ्याकडे वळते. या संदर्भात २०१६ सालचा ‘डायव्हिंग इनटू द अननोन’ हा फिन्निश माहितीपट आठवतो. नॉर्वेतील प्लुरा गुहेत २०१४ मध्ये दोन पाणबुडे मरण पावले. अधिकृत शोधमोहीम अतिधोक्याची ठरवून थांबवण्यात आली, तेव्हा त्यांचे मित्र स्वतः जोखीम पत्करून मृतदेह आणण्यासाठी पुन्हा त्याच गुहेत उतरले. मृतांचे ऋण जिवंतांवर राहते, ही जाणीव त्या माहितीपटाच्या केंद्रस्थानी आहे. ‘सँक्टम’मध्ये ती पुसट आहे.

स्त्रिया आणि स्थानिक माणूस

कोणाला दुर्बल ठरवले जाते, हेही पाहण्यासारखे आहे. ज्यूड्स भयाने भान हरपते. व्हिक्टोरिया मृत ज्यूड्सचा वेटसूट अंगात घालण्यास नकार देते आणि पुढे थंडीने गारठते. दोरावरून उतरताना तिचे केस साधनात अडकतात. इतरांनी सांगूनही ती सुरी चालवते, केसांऐवजी दोर कापला जातो व ती कोसळते. मृताचे वस्त्र नाकारणे ही खरे तर अत्यंत मानवी प्रतिक्रिया आहे. अनेक संस्कृतींत मृताच्या वस्तूंभोवती संकेत आढळतात. चित्रपट त्या नकाराकडे केवळ नवशिक्या स्त्रीचा हट्ट म्हणून पाहतो आणि त्याची शिक्षा देतो. दोन्ही स्त्रियांचे मृत्यू त्यांच्या स्वभावाला चिकटवलेले आहेत. जॉर्ज व फ्रँक यांच्या वाट्याला मात्र त्यागाचे मरण येते.

पापुआ न्यू गिनी हा देश तर नावापुरताच आहे. लुको हा या कथेत स्थान असलेला स्थानिक माणूस. त्याचे घरदार, त्याची भाषा, या गुहेविषयी त्याच्या लोकांची समजूत यांपैकी कशाचाही उलगडा होत नाही. त्याच्या मृत्यूचे कथानकातील काम फ्रँकची दया सिद्ध करणे एवढेच आहे. गुहेला ‘गर्भगृह’ म्हणणाऱ्या चित्रपटाने त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना ती जागा पवित्र वाटते का, हा प्रश्न विचारलेला नाही.

थाम लुआंग आणि ‘थर्टीन लाइव्ह्ज’

वरील आक्षेपांवर असे म्हणता येईल की, भय निर्माण करणे हेच थरारपटाचे काम आहे आणि सहकार्याची कथा रंजक होऊ शकत नाही. २०१८ साली थायलंडमधील थाम लुआंग गुहेत घडलेल्या घटनेने व तिच्यावरील चित्रपटाने या समजाला उत्तर दिले आहे. २३ जून २०१८ रोजी फुटबॉल संघातील १२ मुले आणि त्यांचे प्रशिक्षक गुहेत गेले असता पावसाच्या पाण्याने वाट बंद झाली. २ जुलै रोजी दोन ब्रिटिश पाणबुड्यांना ते जिवंत आढळले. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सर्व तेरा जणांना बाहेर काढण्यात आले. हवेचे सिलिंडर आत पोहोचवण्याच्या कामात थायलंडच्या नौदलाचे माजी कमांडो समन कुनन यांना ६ जुलै रोजी प्राण गमवावे लागले. बचावकार्यात सहभागी झालेले बेरुत पाकबारा हे दुसरे कमांडो तेथे झालेल्या जंतुसंसर्गामुळे २०१९ मध्ये मरण पावले. या कार्यात अनेक देशांचे लोक सहभागी होते. पाणी उपसण्याच्या कामी तांत्रिक साहाय्य करण्यासाठी पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्स या उद्योगाचे तज्ज्ञही तेथे गेले होते.

रॉन हॉवर्ड यांच्या ‘थर्टीन लाइव्ह्ज’ या चित्रपटाचेही बरेचसे चित्रीकरण ‘सँक्टम’प्रमाणेच क्वीन्सलँडमध्ये झाले. दोन्हींची सामग्री जवळपास तीच आहे : पाऊस, चुनखडी, गढूळ पाणी, अरुंद फटी, संपत चाललेला वेळ. शेवट ठाऊक असूनही हॉवर्ड यांच्या चित्रपटात ताण टिकून राहतो, कारण त्याचे लक्ष ‘हे कसे शक्य झाले?’ या प्रश्नावर आहे. डोंगरावरील पाणी गुहेत झिरपू नये म्हणून ते दुसरीकडे वळवले जाते. ते पाणी आपल्या भातशेतीत सोडू देण्यास खालचे शेतकरी संमती देतात. पीक बुडणार हे त्यांना माहीत असते. गुहेत न उतरताही त्यांनी आपला वाटा राखीव ठेवला, असेच म्हणावे लागेल.

दोन्ही चित्रपटांतील एका साम्याकडे मुद्दाम लक्ष वेधले पाहिजे. मुले घाबरून धडपडली तर ती स्वतःसह पाणबुड्यांनाही बुडवतील, ही भीती थाम लुआंग येथेही होती. ज्यूड्सच्या प्रसंगातील पेच तो हाच. ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ व पाणबुडे रिचर्ड हॅरिस यांनी मुलांना भूल देऊन, हात बांधून पाण्याखालून नेण्याचा निर्णय घेतला. हा उपाय यापूर्वी कोणी केलेला नव्हता आणि त्यात मुले दगावण्याची शक्यता त्यांना स्वतःला मोठी वाटत होती. बेशुद्ध मुलाचा चेहरा पाण्याखाली धरणारा हात ‘थर्टीन लाइव्ह्ज’मध्ये दिसतो, तेव्हा ‘सँक्टम’मधील फ्रँक व जोश यांच्या हातांची आठवण होते. कृती बाहेरून सारखीच आहे. एका ठिकाणी ती यातना संपवण्यासाठी आहे, तर दुसऱ्या ठिकाणी श्वास टिकवण्यासाठी. भय आवरू न शकणारा माणूस पहिल्या चित्रपटात गमवावा लागतो. दुसऱ्या चित्रपटात भय ही अपेक्षित गोष्ट मानून तिच्यावर उपाय योजला जातो.

‘थर्टीन लाइव्ह्ज’ही निर्दोष नाही. त्याचा भर परदेशी पाणबुड्यांवर आहे. अंधारात घालवलेल्या दिवसांतील मुलांचे व त्यांच्या प्रशिक्षकाचे अंतरंग त्यात अल्पच उमटते. तरीही दुर्बलाला सोबत घेऊन बाहेर पडण्याची कथा थरारक होऊ शकते, हे त्याने निःसंशय दाखवून दिले आहे.

समारोप

‘सँक्टम’ हा साधनांबाबत प्रामाणिक आणि माणसांबाबत अपुरा असलेला चित्रपट आहे. पिता-पुत्र संबंध व दयामृत्यू यांची त्याने केलेली गुंफण लक्षणीय आहे. मात्र ज्या शास्त्राच्या आधारावर तो उभा आहे, त्या शास्त्राचे मर्म त्याच्या हातून निसटले आहे. मार्गदोर, राखीव हवा, सोबत्याची जबाबदारी हे केवळ तांत्रिक तपशील नाहीत. माणूस घाबरणार, चुकणार, थकणार हे गृहीत धरून त्याला परत आणण्यासाठी केलेली ती व्यवस्था आहे. निसर्ग निष्ठुर आहे म्हणून माणसानेही निष्ठुर व्हावे, असा निष्कर्ष या व्यवस्थेतून निघत नाही. १९८८ साली नलार्बोरच्या पठाराखालून सर्व जण बाहेर आले, हे सत्य लेखकद्वयातील एकाच्या स्वानुभवाचे होते. त्या अनुभवातील सर्वांत दुर्मीळ गोष्ट, म्हणजे कोणालाही मागे न सोडता बाहेर येणे, पडद्यावर आली नाही. जगण्याच्या संघर्षावरील चित्रपटांचे मूल्यमापन करताना किती मेले व कोण उरले, यापेक्षा उरलेल्यांनी मेलेल्यांकडून काय शिकून घेतले, ही कसोटी अधिक उपयुक्त ठरेल.